डबा चाकाखाली गेलाच नाही

सिंधू बिरादारनं सात पुडांचा, म्हणजे सात कप्प्यांचा, भरलेला डबा लातूरच्या बसस्टँडवर, सकाळी आठ चाळीसला, देवणीकडून आलेल्या गाडीच्या मागच्या चाकामागं आपल्या हातानं ठेवला. गाडी मागं सरकली. डब्याची ताटली झाली. तुपातला मेथीचा लाडू थेट चौकशीच्या खिडकीपर्यंत गेला.

आता हे वाचलं असेल तर विसरून जा, कारण असं काही घडलेलं नाही. कंडक्टर व्यंकटीला विचारा, तो म्हणेल, डबा हातातून निसटला. सिंधूच्या सासूबाईंना, रुक्मिणबाईंना विचारा, त्या म्हणतील, कुठला डबा? नवऱ्याला, भुजंगला विचाराल तर तो उलट तुम्हालाच विचारेल की तुमच्याकडं औंदा सोयाबीन एकरी किती निघालं. फलाटावर तेव्हा चाळीस-पन्नास माणसं होती, त्यांनाही काही दिसलं नाही. शिजलेलं अन्न चाकाखाली घालणारी बाई बिरादारांच्या घरात असूच शकत नाही, म्हणून ती नाही. सगळ्यांनी मिळून एकदा ठरवलं की काम सोपं होतं.

जे घडलं नाही ते कसं घडलं, ते मात्र सांगायला पाहिजे.

सिंधूची पोरगी शिवकन्या. दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडले आणि ती डॉक्टर होणार असं गावानं ठरवलं. तिला नंतर कळवण्यात आलं. जूनमध्ये माय-लेकी लातूरला आल्या आणि क्लासच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहू लागल्या. त्या गल्लीत अशा आयांची अख्खी वस्ती आहे. नवरे गावाकडं, लेकरं क्लासात, आणि आया गॅससमोर. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो दोन-दोन मजले उंच लावलेले. फोटोखाली मार्क मोठे, नाव बारीक. या गावात लेकराला आकड्यानं ओळखायची पद्धत आहे, आणि त्याबद्दल कुणाला काही वाटत नाही.

सिंधू खोलीत दोन वेळचा स्वयंपाक करायची. पण गॅसवर, नळाच्या पाण्यात शिजलेल्या वस्तूला रुक्मिणबाईंच्या लेखी अन्न म्हणत नसत. म्हणून रोज सकाळी गावाकडून डबा यायचा. पहाटे गावच्या फाट्यावर बायामाणसं डबे घेऊन उभी राहतात, व्यंकटी ते ड्रायव्हरच्या शेजारी ओळीनं मांडतो, आणि लातूरला प्रत्येकाची माय, मावशी, नाहीतर तो पोरगा स्वतः येऊन आपला डबा घेऊन जातो. झाकणावर ऑइलपेंटनं नावं असतात. कुणाचा डबा किती पुडांचा, हे अख्ख्या गाडीला दिसतं. दोन पुडांचा डबा पाठवणाऱ्या घरात पोरगी द्यायला लोक जरा कचरतात. बिरादारांचा पाच पुडांचा होता.

बिरादारांकडं देवणी जातीचे वळू. त्यांचा सोन्या नावाचा वळू तीन प्रदर्शनांत पहिला आलेला. त्याला पेंड किती, सरकी किती, अंडी किती, हे भुजंगला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. या घरात वजन वाढणं म्हणजे कर्तबगारी. शिवकन्याही याच हातांनी वाढवलेली. दहावीपर्यंत ती सगळ्यांच्या तोंडी ‘खात्यापित्या घरची’ होती. दहावीनंतर अचानक त्याच तोंडांना शोध लागला की पोरगी जाड आहे. बरं, शोध लागला म्हणून वाढणारा हात थांबला का? नाव नका घेऊ. एकाच दमात दोन्ही चालायचं.

“लई सुटली गं पोरगी. कसं व्हावं हिचं! घे, लाडू घे,” रुक्मिणबाई म्हणायच्या.

सिंधूला हे ऐकलं की कानशिलं तापायची. पण सुनेनं कानशिलं तापवून घ्यायची, भांडी नाही आपटायची, असा त्या घरातला रिवाज होता.

ऑक्टोबरात शिवकन्या क्लासमध्ये चक्कर येऊन पडली. सिंधू तिला डॉक्टर वहिदांकडं घेऊन गेली. डॉक्टरीणबाई मूळच्या नांदेडच्या, बोलायला फटकळ. रक्त तपासलं आणि शिवकन्येला बाहेर न पाठवता, तिच्यासमोरच सांगितलं.

“साखर काठावर आहे. अजून पडली नाही आत. आत्ता घरचं जेवण सुधारलं तर पडणारही नाही. आता नीट ऐका. हिच्यासाठी वेगळं ताट करायचं नाही. घरात ताट एकच. जे ही खाईल तेच तुम्ही खायचं. भाकरी, पालेभाजी, वरण, मटकी, ताक. तळलेलं आणि गोड घरात आणायचंच नाही, तुमच्यासाठीपण नाही. पोट भरलं की तिनं उठायचं. वजन महिन्यातून एकदा मी करीन, इथं, दार लावून. घरी कुणी करायचं नाही.”

“हाव,” सिंधू म्हणाली.

“आणि सगळ्यात महत्त्वाचं. तिच्या ताटाकडं बघायचं नाही. ‘घे’ही म्हणायचं नाही, ‘पुरे’ही म्हणायचं नाही.”

“मग जेवताना बोलू काय म्या?”

“हवापाण्याचं बोला,” डॉक्टर म्हणाल्या. मग हे सगळं कागदावर लिहून देतादेता म्हणाल्या, “आमच्या घरी जेवताना दस्तरखानावरून कुणी लवकर उठलं की अम्मी रडायची. मला माहीत आहे मी काय मागते आहे तुमच्याकडं.”

शिवकन्या बाहेर येताना म्हणाली, “आई, आज ढग हाईत.”

“हाईत,” सिंधू म्हणाली. आणि दोघी हसल्या. हे हसू सिंधूनं नंतर लई दिवस जपून ठेवलं, कारण पुढं ते मिळालं नाही.

त्याच संध्याकाळी सिंधूनं गावाकडं फोन लावून डॉक्टरचा शब्द न् शब्द सांगितला. रुक्मिणबाई “हाव हाव, समजलं मला” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी डबा सहा पुडांचा आला. वरचे पाच नेहमीचे: धपाटे, पुऱ्या, वांग्याची तेलात पोहणारी भाजी, शेंगदाण्याचे लाडू, दहीभात. सहाव्यात काकडी आणि मोड आलेली मटकी.

“आत्याबाई, ह्ये काय?” सिंधूनं सासूला फोनवर विचारलं.

“त्येच की. डाएट.”

“आवो, ते ह्येच्या बदली खायचं असतं.”

“बदली कशी? आदी पोरीनं जेवून घ्यावं पोटभर, मग डाएट करावं. उपाशीपोटी डाएट सोसतंय का कुणाला?”

आठवड्यानं सातवा पूड आला. मेथीचे लाडू. मेथी चरबी जाळते, असं रुक्मिणबाईंना कुणीतरी सांगितलं होतं.

“तुपात केलेत जी हे,” सिंधू फोनवर म्हणाली.

“मग? तुपाबिगर मेथीला आत जायाला वाट कशी सापडंल?”

सिंधूनं फोन ठेवला आणि पोळपाट धुतला. धुतलेला होता तरी धुतला.

इथं कुणी म्हणेल, डबा येतो तर येऊ दे, खाऊ नका म्हणजे झालं. शेजारच्या पोरांना वाटून टाका. सिंधू वाटायचीही. पण गल्लीत प्रत्येकीचा आपापला डबा यायचा, आणि सात पूड रोज कोण घेणार? उरायचंच. आणि उरलेलं टाकणं सिंधूला येत नव्हतं. हे कसब तिच्याकडं मुळातच नव्हतं. तिचं माहेर किल्लारीकडचं. भूकंप झाला तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्या पहाटे घरातली तीन माणसं गेली, आणि उरलेल्या दोघी, सिंधू आणि तिची माय, पत्र्याच्या शेडात राहिल्या. ट्रक यायचे. वरून पुऱ्यांची पाकिटं पडायची. झेलायला हात वर करून उभं राहायचं, आणि जे हातात येईल ते तिथंच, उभ्याउभ्या, सगळं खाऊन टाकायचं, कारण उद्या ट्रक येईल की नाही ते ट्रकलाही माहीत नसायचं. त्याला तेवीस वर्षं झाली. तेवीस वर्षांत सिंधूनं घास टाकलेला नाही. खरकट्याच्या बादलीत तिच्या घरचं पाणीच असायचं फक्त.

त्यामुळं व्हायचं असं की मटकी, भाकरी, चुक्याची भाजी नीट जेवून झाल्यावर डब्यातले चार धपाटे सिंधूकडं बघायचे, आणि तिच्याच तोंडून निघायचं, “दोन तू घे, दोन मी घेते. वाया जाईल.” डॉक्टरच्या कागदावर ‘घे’ला फुली मारलेली होती. तो कागद गॅसच्या वर भिंतीला चिकटवलेला होता. त्याच्याखाली बसूनच हे चालायचं. सिंधूला सासूचा राग यायचा, नवऱ्याचा यायचा, मेथीचा यायचा, आणि सगळ्यांचा झाला की स्वतःचा यायचा, तो सगळ्यात उशिरा येऊन सगळ्यात उशिरा जायचा.

दिवाळीला दोघी गावी गेल्या. दिवाळीच्या आदल्या दिवशी भुजंग सोयाबीन घेऊन शरणप्पाच्या आडतीवर चालला होता. शिवकन्येला देवणीतून वह्या आणायच्या होत्या, ती ट्रॅक्टरवर बसून गेली. दुपारी ट्रॅक्टर परतला. शिवकन्या उतरली, वह्या ट्रॅक्टरवरच ठेवून आत गेली.

“काय झालं हिला?” सिंधूनं विचारलं.

“काई न्हाई,” भुजंग पागोटं सोडत म्हणाला. “वजन केलं.”

“सोयाबीनचं?”

“सोयाबीनचं. आन् शिवीचं.”

सिंधूच्या हातात करंजीचं सारण होतं. ते हातातच राहिलं.

“डॉक्टरीण म्हनली होती ना, वजनावर नजर पायजे म्हून,” भुजंग समजावून सांगू लागला. तो वाईट माणूस नव्हता, हीच अडचण होती. “आपल्या घरी काटा न्हाई. शरणप्पाचा काटा मोकळाच होता. म्हनलं, चढ गं. आता काटा म्हनजे एकदम पक्का, ग्रॅमचा फरक न्हाई. ह्ये बघ, त्येनं पावती बी दिली.”

त्यानं खिशातून पावती काढली. आडतीची छापील पावती. माल: शिवकन्या. नग: एक. वजन: ८६.४००. ओलावा (सोयाबीन ओलं असलं की तेवढं वजन कापतात): काही लिहिलेलं नाही.

“हमालानं इचारलं, ओलाव्याची कट किती धरायची? लई हसले सगळे.”

“शिवी हसली?”

भुजंगनं खरंच आठवून बघितलं.

“तिचं तोंड तिकडं होतं,” तो म्हणाला.

त्या दिवसापासून शिवकन्येचं तोंड तिकडंच राहिलं. लातूरला परतल्यावर ती भिंतीकडं तोंड करून जेवायला लागली. ताट घ्यायची, कोपऱ्यात जायची, पाठ फिरवायची. सिंधू समोर बसून तिच्या पाठीशी हवापाण्याचं बोलायची. पाठ काही बोलायची नाही. आकडा मात्र गावभर झाला होता. दिवाळीत घरी आलेला माणूस आधी फराळाचं ताट घ्यायचा आणि मग “शहाऐंशी का?” असं विचारायचा. एका काकानं तर लाडू खाताखाता सांगितलं की त्याच्या लग्नात त्याच्या बायकोचं वजन चाळीस होतं. काकू शेजारीच बसल्या होत्या. आता त्या शंभराच्या घरात होत्या. त्यांच्या तोंडात चकली होती म्हणून बरं.

आणि मग सिंधूला जीवशास्त्राच्या पुस्तकात बिस्किटांच्या पुड्यांचे कागद सापडले. दाबून, सरळ करून, खुणेसाठी ठेवल्यासारखे. पचनसंस्थेच्या धड्यात सहा होते. ताटात अर्धी भाकरी टाकून उठणारी पोरगी कुठंतरी, कुणाच्या नजरेआड, घाईघाईनं खात होती. सिंधूला ते खाणं ओळखीचं होतं. हात वर करून, उभ्याउभ्या, उद्याचा भरवसा नसल्यासारखं. शेडातलं. तिची पोरगी सात पुडांच्या डब्यासमोर बसून शेडातलं खाणं खात होती.

सिंधूनं कागद होते तसे ठेवले आणि पुस्तक मिटलं. तिला एकच गोष्ट पाहिजे होती. वजन नको, मार्क नको, फोटो तर नकोच. पोरीनं समोर बसून, तोंड इकडं करून, एक वेळ जेवावं. बस.

तिनं फोन लावला.

“आत्याबाई, उद्यापासून डबा बंद करा.”

“कामून? गाडी बंद हाय का?”

“गाडी चालू हाय. डबा बंद.”

“गाडी चालू हाय तर डबा कसा बंद ऱ्हाईल?” रुक्मिणबाईंचा प्रश्न मनापासून होता. “फाट्यावर समदे काय म्हन्तील? बिरादारांनी पोरीचं तोंड बांधलं म्हन्तील.”

मग भुजंगनं फोन घेतला. “हे बघ, आई काई ऐकत न्हाई. तू आपली डबा घे आन् टाकून दे की तिकडं.” आणि लगेच तोच म्हणाला, “तू टाकत न्हाईस म्हना.”

हे त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. सिंधू टाकत नाही, या एका भरवशावर सातही पूड रोज सुखरूप येत होते.

डिसेंबर संपत आला. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, दुसऱ्या दिवशी होती. येळवशीला आमच्याकडं अख्खं गाव शेतावर जेवतं. भज्जी, अंबील, उंडे, आणि येईल त्याला आग्रह. क्लासला तीन दिवस सुट्टी होती म्हणून शिवकन्याही डबा घ्यायला स्टँडवर आली. खरं म्हणजे डबा आता एकटीला उचलत नव्हता.

गाडी फलाटाला लागली. व्यंकटीनं डबे उतरवले आणि शेवटी बिरादारांचा दोन्ही हातांनी उतरवला.

“वैनी, सात पूड! माज्या गाडीत आता डब्याला एक शीट द्यावं लागंल,” तो हसत म्हणाला. बिचारा रोज पहाटे चारला उठून गावाची अर्धी चूल लातूरला वाहून आणायचा, आणि निरोपही जसाच्या तसा पोचवायचा. “आन् निरोप हाय. भुजंगदादांनी सांगितलंय, शिवीला घेऊन आजच्या गाडीनं या. उद्या शरणप्पाचा काटा शेतावर आणून राहिलेत. समदी भावकी येनार. आदी सोन्याचं वजन, मग शिवीचं. दिवाळीपास्नं किती उतरलं ते समद्यांसमोर बघायचं म्हनले.”

तो हे जरा मोठ्यानंच बोलला, कारण गाडीचं इंजिन चालू होतं.

“सोन्या कोन?” रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“वळू,” व्यंकटी म्हणाला.

“आन् शिवी?”

व्यंकटीनं हनुवटीनं दाखवलं. म्हाताऱ्यानं शिवकन्येकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात पाहतात तसं, आणि म्हणाला, “हां.” त्याच्या मागचे दोघंतिघं हसले. फार वाईट हसले असंही नाही. वेळ घालवायला माणसं हसतात तेवढंच.

शिवकन्या चार पावलं गेली, फलाटाच्या भिंतीशी बाकावर बसली आणि तिनं तोंड भिंतीकडं केलं. भिंतीवर क्लासची जाहिरात होती. पहिल्या आलेल्या पोरीचा फोटो, मार्क मोठे, नाव बारीक. शिवकन्येचं नाक त्या पोरीच्या नाकापासून वीतभर लांब होतं.

सिंधूला पोरीची पाठ दिसली. दोन महिने ती खोलीत ही पाठ बघत होती. आता ती चारचौघांत आली होती.

राग येतो म्हणतात. सिंधूला आला नाही, तो तिथंच होता, दिवाळीपासून, बहुधा त्याच्याही आधीपासून, आणि आज नुसता उभा राहिला. तिनं डबा उचलला. एकटीनं उचलला. गाडीला वळसा घालून मागं गेली. व्यंकटी शिट्टी ओठाच्या कोपऱ्यात धरून गाडी मागं घ्यायला उभाच होता आणि पत्र्यावर थाप मारून “येऊ दे, येऊ दे” करत होता. सिंधूनं डबा मागच्या चाकामागं ठेवला. नीट, सरळ, झाकणावरचं नाव वर करून.

“वैनी!” व्यंकटी म्हणाला. त्या नादात शिट्टी तोंडातून पडली.

“येऊ दे,” सिंधू म्हणाली.

आवाज फार मोठा झाला नाही. आधी एक पूड, मग सगळे. धपाटे, पुऱ्या, दहीभात, मटकी, काकडी. डाएटही गेलं. सिंधू बघत उभी होती. तिचे दोन्ही हात आपोआप वर गेले होते, झेलायला जातात तसे, छातीपर्यंत. तिनं ते खाली घेतले. त्याला बराच वेळ लागला. तेवीस वर्षांचे हात होते.

“आता सांगा घरी,” ती व्यंकटीला म्हणाली. “म्हणावं, सिंधूनं अन्न चाकाखाली घातलं. जसंच्या तसं सांगा.”

व्यंकटीनं एकदा डब्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं.

“निसटला, वैनी,” तो हळूच म्हणाला. “हातातून निसटला. मी काई बघितलं न्हाई.”

“अवं, मी ठेवला!”

“निसटला,” व्यंकटी ठामपणे म्हणाला. तेवढ्यात कुत्री आली. म्हाताऱ्यानं वर बघितलं, आज आभाळ स्वच्छ होतं. फलाटावर लोकांनी आपापल्या पिशव्या तपासायला घेतल्या. पाच मिनिटांत ते घडेनासं झालं.

सिंधूनं वळून पाहिलं. शिवकन्या बाकावर बसली होती. तोंड इकडं होतं.

“आई,” ती म्हणाली, “तू टाकलंस?”

“हाव.”

“सगळं?”

“डाएट बी.”

शिवकन्येच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू म्हणवत नव्हतं, पण भिंतीपेक्षा बरं होतं. “आज ढग न्हाईत,” ती म्हणाली.

त्या दिवशी दोघी गावी गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सिंधूनं खोलीतच येळवस केली. भज्जी कुकरमध्ये. वाटाणा, तूर, हरभऱ्याचा पाला, चुका, सगळं घालून. अंबील. ज्वारीचे उंडे. करताकरता तिच्या लक्षात आलं की डॉक्टरच्या कागदावर जे लिहिलंय ते सगळं या पातेल्यात आहे. म्हणजे गाव वर्षातून एक दिवस डॉक्टरचं ऐकायचं आणि उरलेले दिवस आपल्या मनाचं करायचं.

ताटं वाढली. शिवकन्येनं आपलं ताट उचललं, कोपऱ्याकडं पाहिलं, आणि समोर बसली. तोंड इकडं. सिंधूचा घास हातात राहिला. पोरगी जेवत होती. हळूहळू, चावून, माणूस जेवतं तसं. दीड उंडा झाला. अर्धा ताटात राहिला. शिवकन्येनं हात मागं घेतला.

अर्धा उंडा सिंधूकडं बघू लागला. ‘संपव’ हा शब्द तिच्या घशाशी आला, त्याच्यामागं ‘वाया जाईल’ आला, त्याच्यामागं पत्र्याची शेड आली. चाकाखाली सात पूड घालताना एवढं जड गेलं नव्हतं. सिंधूनं अंबिलीचा घोट घेतला आणि शब्द खाली ढकलला.

“गार पडलंय बघ,” ती म्हणाली.

“हाव,” शिवकन्या म्हणाली आणि उठली. अर्धा उंडा तिनं झाकून ठेवला, संध्याकाळी लागला तर.

तेवढ्यात दारात भुजंग उभा. हातात नवाकोरा डबा. आठ पुडांचा.

“कालचा निसटला म्हनं,” तो म्हणाला. त्यानं सिंधूकडं पाहिलं नाही, म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. “आई म्हनली, पूड जास्त असले की कडी घट्ट बसती. निसटत न्हाई.”

“ठेवला म्या त्यो. चाकामागं. हातानं.”

“निसटला,” भुजंग म्हणाला. “जेवायला हाय का काई? सोन्याचं वजन केलं आन् तसाच निघालो, सकाळपास्नं काई न्हाई पोटात.”

त्याच्या हातात आठ पूड होते आणि तो उपाशी होता. सिंधूनं त्याला ताट वाढलं. डबा दाराशीच राहिला. भुजंगनं भज्जी खाल्ली, परत मागितली, तीही खाल्ली. मग शिवकन्येकडं बघून त्यानं तोंड उघडलं.

“मग, शिवे, आता किती...”

शिवकन्येनं बापाकडं पाहिलं. सिंधूनंही पाहिलं. दोघींनी एकदम. सोन्या उधळला तरी न घाबरणारा माणूस, पण त्यानं तोंड मिटलं, पुन्हा उघडलं, आणि म्हणाला, “अंबील बरी झालीय.”

जाताना मात्र आठ पुडांचा डबा तो दाराशीच ठेवून गेला, आणि उद्यापासून रोज येईल असं सांगून गेला. जे घडलंच नाही त्याचा परिणाम तरी कसा होणार? माणसानं जन्मात एकदा अन्न चाकाखाली घालावं, आणि गावानं कडी घट्ट करून द्यावी. सिंधू इतकी चिडली की तिनं त्या दिवसात पोळपाट तिसऱ्यांदा धुतला.

“आई, तोंडी सांगून ह्ये लोक ऐकत न्हाईत,” शिवकन्या म्हणाली. “लेखी देऊ.”

“कुणाला?”

“बघू. कुणाच्या तरी हाताखाली ह्ये खातं असंलच की.”

तिनं वही ओढली, दहावीला शिकवला होता तसा समास सोडला, आणि लिहू लागली. सिंधू शेजारी बसून सांगत गेली. दोघींचं तोंड एकाच कागदाकडं होतं.

प्रति,
मा. साहेब
(ज्यांच्या अखत्यारीत हा विषय येत असेल ते)

विषय: अर्जदाराच्या ताटाकडे पाहण्यास कायमस्वरूपी बंदी घालणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार ही लातूर येथे शिकत असून तिचे जेवण तिच्या आईने नीट चालविले आहे व त्याबद्दल अर्जदाराची काही तक्रार नाही. तथापि देवणीकडून येणाऱ्या सकाळच्या गाडीने अर्जदाराच्या नावे दररोज आठ पूड रवाना होत असून सदर पूड फाट्यावरच थांबवून त्या त्या पाठविणाऱ्यांनी ते तिथेच, उभ्याउभ्या, स्वतः संपवावेत, असा आदेश व्हावा. तसेच संपूर्ण जिल्ह्यात कोणीही नातेवाईक, शेजारी, हमाल, आडत्या किंवा रांगेतील म्हातारा यांनी अर्जदाराच्या ताटापासून दहा फुटांच्या आत ‘घे’ अथवा ‘पुरे’ हे शब्द उच्चारू नयेत. उच्चारल्यास त्यांना त्याच ठिकाणी, चारचौघांसमोर, सोयाबीनच्या काट्यावर उभे करण्यात यावे व ओलाव्याची कट धरण्यात यावी. दिवाळीच्या आदल्या दिवशीची अर्जदाराच्या नावची पावती रद्द समजण्यात यावी व त्या वेळी हजर असलेल्या सर्वांच्या डोक्यातून सदर आकडा सरकारी खर्चाने काढून टाकण्यात यावा. वळू सोन्या याचेही मत याच वेळी घेण्यात यावे, कारण त्यालाही कोणी विचारलेले नाही. तसेच दिनांक अठ्ठावीस डिसेंबर रोजी सकाळी आठ चाळीस वाजता लातूर बसस्टँडवर अर्जदाराच्या आईने डबा स्वतःच्या हाताने चाकाखाली ठेवला, तो निसटला नाही, याची शासनदरबारी नोंद घेऊन तसा शिक्कामोर्तब केलेला दाखला तिला देण्यात यावा.

तरी वरील सर्व बाबींची अंमलबजावणी उद्या सकाळची गाडी फाट्यावर पोहोचण्यापूर्वी व्हावी, ही नम्र विनंती.